गाठी इथल्या, कापड परगावचे

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली रेल्वे अकोला-बडनेरामार्गे नागपूरला पोहोचली. अकोला-अमरावतीत जिनिंग-प्रेसिंग वाढले: सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या, मालगाडीत भरायच्या. हे काम कापसाच्या हंगामापुरते, म्हणून मजुरीही हंगामी. सूत-कापडातली बारमाही कमाई बाहेरच राहिली. अकोल्यात सावतराम मिल, अचलपुरात विदर्भ मिल होतीच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण पिकाच्या मानाने अशा गिरण्या मोजक्याच. इथे गिरणी परवडलीच नसती, हेही पटत नाही. शेजारच्या नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्येच सुरू झाली होती. उणीव कापसाची नव्हती, गाठींच्या पुढे गुंतणाऱ्या भांडवलाची होती.