शास्त्राचें शिक्षण कीं पाठांतर?

पांचशेंची नोट उजेडांत धरून पाहिल्यावांचून आपला व्यापारी गल्ल्यांत टाकीत नाहीं. त्याचाच मुलगा मात्र शास्त्राचे सिद्धांत न पारखतां तोंडपाठ करितो, हें विलक्षण नव्हे काय? मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं सहावी ते आठवीच्या १६ शाळांत निराळी रीत सुरू झाली. मुलांनीं स्वतः प्रयोग करावे, आढळलें तें टिपावें, एकमेकांशीं ताडून पाहावें, मगच निष्कर्ष काढावा. परीक्षेंतही पुस्तक उघडण्याची मुभा! पुढें शेंकडों शाळांत ती पसरली. २००२ सालीं राज्य सरकारनें बंद केली. खर्च, शिक्षकांची तयारी, या अडचणी खऱ्याच. तथापि शाळांस देणग्या देणाऱ्या गृहस्थांनीं प्रयोगाच्या कपाटास बाराही महिने कुलूप कां, एवढें तरी चालकांस विचारावें.