लंडनची फी, धारावीचा वर्ग

भाची लंडनला नगरविकास शिकायला गेली तेव्हा घरात सगळ्यांनाच कौतुक. कर्ज काढून पाठवलेली पोर! आणि चार महिन्यांनी तिचा फोन, "मावशी, प्रात्यक्षिकासाठी आम्ही मुंबईला येतोय, झोपडपट्टीत." ताईने कपाळाला हात लावला. एवढा पैसा घालून धारावीच बघायची होती का?

खरं तर हे नवीन नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे विद्यार्थी २००९ मध्येही 'स्पार्क' संस्थेबरोबर धारावीचा अभ्यास करायला आले होते. ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला महापालिकेला मुभा दिली. आता काय? रडून भागणार नव्हतं. संस्थेने या लोकांनाच बरोबर घेऊन मोजणी केली. सुमारे ६ हजार कुटुंबं! कोण कुठून आलं, काय कमावतं, किती वर्षं इथे आहे, सगळं कागदावर आलं. पुढे 'महिला मिलन' उभं राहिलं, बचत सुरू झाली. घर कसं हवं तेही बायकांनीच ठरवलं, मापं चक्क साडीने घेऊन. साडीची लांबी आपल्याला कुणी सांगावी लागते का? उंची चौदा फूट धरली, म्हणजे आत माळा निघतो.

मुंबईचं काम आटोपून भाची दोन दिवस कळंबला आली. भाकरी थापताना मला म्हणाली, "मावशी, तुमच्या गटातल्या बायका राहतात त्या वस्तीत किती घरांना नळ नाही?"

मी बारा वर्षं बचत गट चालवते. कुणाचा हप्ता राहिलाय ते तोंडपाठ. पण हे सांगता येईना. आमचा पाण्याचा अर्ज एका कार्यालयातून दोनदा परत आला होता, "नक्की घरं किती?" म्हणून. आम्ही कार्यालयालाच नावं ठेवत बसलो होतो! किल्लारीच्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात आपल्याच जिल्ह्यातल्या बायका संवाद सहायक म्हणून गावोगाव फिरल्या होत्या, हे तरी आठवायला हवं होतं.

भाची गेली आणि रविवारी आम्ही पाचजणी वही घेऊन निघालो. तिसऱ्याच दारात अडलो. सासू-सून एका पत्र्याखाली, पण चुली दोन. घर एक लिहायचं की दोन? सासू म्हणे एक, सून म्हणे दोन. अर्धा तास गेला. शेवटी चूल मोजायची असं ठरलं. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस चुली झाल्या आणि नळ सात. नदीकडची ओळ अजून राहिलीय.