फुटक्या कपांचे नगर

वाचकहो, कान तुटलेल्या कपाचे आपल्या घरी काय होते? शहाणे माणूस तो टाकून देते. परंतु एखादी आजी किंवा आत्या तो फडताळाच्या मागल्या कोपऱ्यात जपून ठेवते. ‘राहू दे, कधी तरी उपयोगी पडेल!’ या सवयीला आपण वेड म्हणतो. चंदीगडच्या एका सरकारी नोकराला हेच वेड जरा अधिक प्रमाणात जडले होते.

त्यांचे नाव नेकचंद. जन्म १९२४ चा, आज पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यातला. फाळणीत गाव सुटले. पुढे चंदीगडमध्ये रस्त्यांवर देखरेख करण्याची नोकरी मिळाली. ल कॉर्बुझिए या विख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार तेथे सरळ रेषांचे नवे नगर उभे राहत होते, आणि त्यासाठी पूर्वीची कित्येक खेडी जमीनदोस्त होत होती. त्या घरांच्या विटांना, फुटक्या भांड्यांना आराखड्यात कोठेच जागा नव्हती. एकदा गाव गमावलेल्या माणसाचा पाय त्या ढिगाऱ्यापाशी अडखळावा, याचे मला तरी नवल वाटत नाही.

१९५७-५८ च्या सुमारास त्यांनी हा केर गोळा करण्यास प्रारंभ केला. दिवसा नोकरी; सुटी झाल्यावर सायकलीवरून दगडधोंडे नि भंगार वाहून आणावयाचे, आणि सुखना तलावाजवळच्या झाडीत, जुने टायर पेटवून त्यांच्या उजेडात, रात्री कामास बसावयाचे. मोडक्या सायकलीचा सांगाडा ही हाडे, वर सिमेंटचे मांस, आणि ते ओले असतानाच दाटीने रोवलेले बांगड्यांचे तुकडे हे वस्त्र! स्त्रिया, शिपाई, वानरे, पक्षी यांच्या रांगाच्या रांगा अशा उभ्या राहिल्या.

अडचण एवढीच, की ती जमीन सरकारी होती नि तेथे बांधकामास बंदी होती. अर्ज करावा तर नकार ठरलेला. म्हणून त्यांनी विचारलेच नाही. सरकारी कागदांत वावरणारा मी याचे समर्थन करण्यास कचरतो, हे कबूल केले पाहिजे. पंधराएक वर्षे पत्नी व मोजके विश्वासू लोक सोडल्यास कोणास पत्ता नव्हता. १९७० नंतरच्या काही वर्षांत गुपित फुटले, तेव्हा अधिकाऱ्यांपुढे पेच पडला. नियमाप्रमाणे सारे पाडून टाकावयास हवे होते. पण बातमी पसरली, लोक पाहावयास लोटले, आणि कुदळ काही पडली नाही. १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ सर्वांस खुले झाले. नेकचंदांना त्याच कामासाठी पगार नि ५० मजूर मिळाले. १९८४ मध्ये पद्मश्रीही आली. शहरात टाकाऊ वस्तू गोळा करण्याची केंद्रे निघाली. म्हणजे आजीचे फडताळच सरकारने चालविण्यास घेतले म्हणा ना!

२०१५ मध्ये, नव्वद वर्षांचे होऊन, नेकचंद निवर्तले.

चंदीगडला जाणे झाले, तर त्या बागेची बुटकी दारे अवश्य पाहा. उंच माणसाला तेथे वाकूनच आत शिरावे लागते. पुढे एखाद्या पुतळ्याच्या अंगावर चिनी मातीचा तुकडा चमकताना दिसेल. कोण जाणे, ज्याच्यावरून कोण्या सासूने सुनेवर आवाज चढविला असेल, तोच तो कप असावयाचा!