साठ दिवस कुठून मोजायचे?

वनहक्काचा दावा फेटाळला गेलेली माणसे माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना जमिनीबद्दल बोलायचे असते. आजोबांनी बांधी कधी घातली, पहिला धान कोणत्या साली निघाला. मी आधी दुसरेच विचारतो, "काका, आदेशाचा कागद कधी मिळाला?"

"कागद कुठला जी? नाव यादीत नाही म्हणून सांगतलं तेवढंच."

चंद्रपूर-गडचिरोलीत अशा शेतीला जबरानजोत म्हणतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती कसणाऱ्याला दाव्याची वाट दिली. ग्रामसभेच्या ठरावावर नाराज असलेल्याने उपविभागीय समितीकडे जायचे, तिथेही नाही म्हटले तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे. दोन्हीकडे मुदत ६० दिवसांची. मधली पायरी गाळून ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध थेट जिल्ह्याला गेले तर अर्ज ऐकायचा अधिकारच त्या समितीला नाही.

माणसे नेमकी इथे अडकतात. एखाद्या नेत्याबरोबर जाऊन निवेदन देतात, त्यावर शिक्का मिळतो आणि तो शिक्का वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. त्यांच्या लेखी ते अपील असते. पण निवेदनात ना कोणत्या आदेशाविरुद्ध हे लिहिलेले असते, ना त्याची तारीख, ना मागणी. ती पिशवी उघडताना मला दरवेळी वाईट वाटते, कारण तेवढ्याच खर्चात आणि तेवढ्याच हेलपाट्यात खरे अपील दाखल झाले असते.

म्हणून पहिला अर्ज असतो आदेशाच्या नकलेसाठी, पोच घेऊन. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे दावा फेटाळल्याचे कारणांसह दावेदाराला व्यक्तिशः कळवावे लागते. ६० दिवस धरायचे ते या कळवण्यापासून. समितीला वाटले तर आणखी ३० देता येतात. ज्याला कोणी काही कळवलेच नाही, त्याची मुदत संपली कशी? अपिलाचा पहिला परिच्छेद आम्ही यावरच लिहितो. नक्कल हाती आली की दावेदार मागच्या बाजूला तारीख टाकून सही किंवा अंगठा करतो.

आदेशात बहुधा एकच ओळ असते : पुरावा अपुरा. मग जुळवाजुळव सुरू होते. जुने निस्तार पत्रक, गावातल्या म्हाताऱ्यांचे लेखी जबाब आणि कुठे सापडलीच तर वनखात्याने कधीकाळी केलेल्या दंडाची पावती. ज्या कागदाने त्या माणसाला गुन्हेगार ठरवले, तोच आता त्याचा ताबा सांगतो. या पावतीइतके मोलाचे मला दुसरे काही वाटत नाही. उपग्रहाचे चित्र पूरक पुरावा आहे. नुसत्या त्याच्या भरवशावर ज्येष्ठांचा जबाब बाजूला सारता येत नाही. शेवटी मागणी. "पट्टा द्या" एवढेच लिहून भागत नाही. समितीला ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर दावा फेटाळण्याऐवजी फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा, असे नियमच सांगतो. तेही मागायचे.

सुनावणीची लेखी सूचना किमान १५ दिवस आधी मिळायला हवी आणि गावातही लावली जायला हवी. न लावलेल्या सूचनेचीही आम्ही नोंद ठेवतो.

हे सारे क्षुल्लक वाटेल, पण १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला तो स्थगित झाला आणि राज्यांना विचारले गेले ते हेच, की दावे फेटाळताना रीत पाळली होती का.

मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम आहे. महाराष्ट्रात राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली मे २०२० मध्ये अधिसूचना काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे आणखी एक अपील दिले, मात्र फक्त अनुसूचित क्षेत्रासाठी. त्यामुळे या क्षेत्रातल्या धानोऱ्याच्या माणसाला नागपुरात तिसरे दार आहे. क्षेत्राबाहेरच्या नागभीडच्या माणसाला नाही. तो आदिवासी नसेल, ढिवर किंवा कुणबी असेल, तर त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवासही दाखवावा लागतो. ज्याच्यावर पुराव्याचे ओझे जास्त, त्यालाच दाद मागायची जागा कमी, हा मला सरळ अन्याय वाटतो. राज्यपालांचा हा अधिकार अनुसूचित क्षेत्राबाहेर चालत नाही. तिथे कायदाच बदलायला हवा.

नागभीडच्या माणसापुढे उरते ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातली रिट याचिका. तिथे बांधी मोजली जात नाही, सहसा नवा पुरावाही घेतला जात नाही; म्हणणे ऐकले का, कारणे दिली का, एवढे तपासले जाते. म्हणून नागभीडकडच्या दाव्यात जिल्हा समितीपुढची सुनावणीच शेवटची धरून आम्ही प्रत्येक जबाब, प्रत्येक पावती तिथेच दाखल करतो आणि यादीवर पोच घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडत नाही.