एकाच फळीच्या अनेक प्रती

जपानी निसर्गदृश्यांची जुनी काष्ठमुद्राचित्रे जमवू पाहणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: आपण चित्र विकत घेत नसतो, त्या चित्राची एक विशिष्ट प्रत विकत घेत असतो. होकुसाईची ‘महालाट’ सगळ्या जगाला ठाऊक आहे. १८३०च्या सुमारास निघालेल्या या चित्राच्या शंभराहून अधिक प्रती आज माहीत आहेत, म्हणजे ते फार दुर्मीळही नाही. तरी २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एक प्रत २७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. उशिरा छापलेल्या, रंग उडालेल्या प्रतीला याच्या जवळपासही किंमत येत नाही. हा निव्वळ बाजाराचा लहरीपणा आहे असे मला वाटत नाही. त्याचे कारण छपाईच्या पद्धतीतच आहे.

चित्रकाराचे पक्के रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून कोरले जाई आणि त्यात ते मूळ रेखाटन नष्ट होई. ‘अस्सल’ म्हणून दाखवायला उरतात त्या फक्त प्रती. रंगांसाठी वेगवेगळ्या फळ्या असत. छपाईकार फळीवर ब्रशने रंग लावी, खाचांना टेकवून ओलसर कागद बसवी आणि पाठीमागून ‘बारेन’ या गोल गादीने घासून रंग उठवी. आकाशाची निळाई क्षितिजाकडे विरत जाते ती ‘बोकाशी’ची छटा सहसा फळीवर कोरलेली नसते, प्रत्येक कागदासाठी फळीवरचा रंग नव्याने पुसून ती साधावी लागते. छापता छापता फळीही झिजते. ‘महालाटे’च्या शीर्षकाभोवतीच्या चौकटीची रेघ कुठे तुटली आहे, यावरून जाणकार ती प्रत आधीची की नंतरची हे ओळखतात. होकुसाईचा ‘लाल फुजी’ तर सुरुवातीच्या प्रतींत फिकट गुलाबी, पहाटेचा आहे. सपाट विटकरी रंग पुढच्या छपाईत आला.

यावर कोणी म्हणेल, फळ्या त्याच असतील तर पुनर्मुद्रणात बिघडले काय? भिंतीवर सुंदर दृश्य हवे असेल तर काहीच बिघडले नाही, आणि तसे प्रामाणिकपणे विकले जाणारे पुनर्मुद्रण मी आनंदाने सुचवीन. पण छपाईने चित्र किती बदलते हे चित्रकार हिरोशी योशिदा यांनी १९२६च्या शिडांच्या होड्यांच्या मालिकेत दाखवून दिले: तेच रेखांकन, फक्त रंग बदलून सकाळ, धुके, संध्याकाळ आणि रात्र. दुसरा आक्षेप असा की, आधीची प्रत ती श्रेष्ठ हा संग्राहकांचा अहंकार आहे. त्यात तथ्य आहे. वर्षानुवर्षे उन्हात टांगून विटलेल्या पहिल्या प्रतीपेक्षा अंधारात जपलेली नंतरची प्रत मी केव्हाही पसंत करीन. आधीची प्रत शोधायची ती त्या छपाईतली निगराणी पाहण्यासाठी; रंगच उडाले असतील तर पाहायचे काय?

विसाव्या शतकातल्या चित्रांत हा शोध अधिक आवाक्यातला आहे. प्रकाशक शोझाबुरो वातानाबे यांच्याकडच्या फळ्या आणि प्रती १९२३च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत खाक झाल्या. त्यामुळे त्यांच्यासाठी काम करणारे चित्रकार हासुई कावासे यांच्या त्याआधीच्या चित्रांची मूळ फळ्यांवरून पुन्हा छपाई होणे शक्य नव्हते. ती दुर्मीळ झाली. नंतरच्या चित्रांवर वातानाबेंचे शिक्के काळानुसार बदलत गेले आणि त्यांतले बरेच समासात आहेत. म्हणून फ्रेमच्या मापासाठी समास कापणे हे मोठे नुकसान आहे: तारखेचा पुरावाच कात्रीखाली जातो.

मराठी संग्राहकाला जवळची वाटतील अशी चित्रे योशिदांचीच आहेत. १९३०-३१च्या भारतदौऱ्यानंतर त्यांनी ताजमहाल, उदयपूर, वाराणसी आणि आपली अजिंठा-वेरूळची लेणीही छापली. स्वतःच्या देखरेखीखालील छपाईवर ते समासात ‘जिझुरी’ हा शिक्का उमटवीत. १९५०मध्ये ते गेले. नंतर काढलेल्या प्रतींवर तो नसतो. वेरूळचे चित्र समोर आले की दगडाचा रंग पाहण्याआधी डावा समास पाहावा.