काटकसर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

काटकसर म्हणजे पोटाला चिमटा घेणे, हा या विषयातील सर्वांत जुना आणि सर्वांत घातक गैरसमज होय. पारनेर तालुक्यातील सुप्याचा सगळा परिसर अवर्षणप्रवण, म्हणजे पावसाची कायम तूट सोसणारा आहे, आणि अशा मुलखात हाताशी किती आहे हे आधी मोजून मग खर्च ठरवणाराच टिकतो, हे शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने दाखवून दिले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या गावात पाणलोटाची कामे झाली आणि पुढे पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पडलेला पाऊस व माणसे, जनावरे आणि पिके यांची गरज यांचा जमाखर्च, ग्रामसभेपुढे मांडण्याची रीत पडली. पिण्याचे पाणी आधी राखून ठेवायचे, उरलेल्यावर पिके ठरवायची, उसासारखे तहानलेले पीक टाळायचे आणि शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही, ही बंधने गावाने स्वतःहून स्वीकारली. त्यामुळे गाव गरीब झाले नाही, उलट पोटासाठी बाहेर पडलेली कुटुंबे परतली.

घरखर्चात हीच मोजणी सहसा विजेच्या बाबतीत चुकते. सुप्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात म्हणून येथील वीज स्वस्त असावी असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ती वीज सामायिक वीजजाळ्यात मिसळते आणि घरगुती दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. महिन्याचा वापर १०० युनिटच्या पुढे गेला की सगळे बिल चढ्या दराने येते, हीदेखील चुकीची समजूत आहे. वापराचे टप्पे पाडलेले असतात आणि १०० च्या पुढील युनिटांनाच पुढच्या टप्प्याचा दर लागतो. अर्थात याचाच दुसरा अर्थ असा की, वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातले असते. ते कोठे वाचते, हे साध्या गुणाकाराने कळते. भिंतीत राहिलेल्या चार्जरवरून घरोघरी बोलणी बसतात, पण चांगला आधुनिक चार्जर मोबाइल जोडलेला नसताना महिनाभरात अर्धे युनिटही घेत नाही. याउलट ७५ वॅटचा जुना पंखा रोज दहा तास चालला, तर महिन्याला साडेबावीस युनिट जळतात आणि ३० वॅटच्या नव्या पद्धतीच्या पंख्याला तेवढ्याच वापरासाठी नऊ युनिट पुरतात. नव्या पंख्याची किंमत जास्त असते, हे खरे. म्हणून जो सर्वाधिक तास फिरतो तोच पंखा आधी बदलणे शहाणपणाचे ठरते.

स्वयंपाकघरात आच मोठी ठेवली की अन्न लवकर शिजते, हा समज उकळी फुटेपर्यंतच खरा असतो. उघड्या भांड्यातील पाणी सुमारे १०० अंशांवर उकळू लागले की त्यापुढे तापत नाही आणि जादा गॅस केवळ वाफ करण्यात जातो. म्हणून मटकी किंवा हुलगे रात्री भिजत घालावेत, उकळीनंतर आच मंद करून झाकण ठेवावे आणि कुकरची पहिली शिट्टी झाली की ज्योत उतरवावी. बाजरीचे पीठ मात्र एकदम महिन्याभराचे दळून आणण्यात बचत नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे ते लवकर कडवट होते.

हप्त्याच्या खरेदीबाबतचा भ्रम अधिक महाग पडतो. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्टपणे कळवले होते. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला नाकारून वसूल होते. म्हणून दुकानात हप्ता किती हे विचारण्याआधी रोखीची किंमत विचारावी.

शेवटचा गैरसमज साठवलेल्या पैशाविषयीचा आहे. पतसंस्था आणि सहकारी बँक एकच, असे समजून अनेक जण पुंजी ठेवतात. ठेव विम्याचे संरक्षण, म्हणजे बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत मिळणारी भरपाई, फेब्रुवारी २०२० पासून या मर्यादेने लागू असून विमा असलेल्या सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. जादा व्याजाच्या आशेने पैसे ठेवण्यापूर्वी पासबुकावर बँक लिहिले आहे की पतसंस्था, हे ठेवीदाराने स्वतः वाचून घ्यावे.