हॅलो आई... आवाज येतोय का?

काचेचा तो आयएसडी बूथ आठवतोय? आत अख्खी फॅमिली कोंबलेली, रिसीव्हर आईच्या हातात आणि सगळ्यांचे डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर! ‘बरा आहेस ना? जेवतोस ना नीट? ठेवते रे, बिल पळतंय!’ संपला अमेरिकेचा कॉल.

मग नेट धावून आलं. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आलं, २००६ मध्ये त्यावर व्हिडिओही सुरू झाला. ‘वाळलास रे!’ हे आईला आता चक्क दिसायला लागलं. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं, पण तोवर सगळे कधीच व्हॉट्सअॅपवर शिफ्ट झाले होते.

मीटर गेलं. मग गप्पा वाढल्या? खरं सांगा! तुम्ही ऑनसाइटला न्यू जर्सीत, आई कोथरूडला. ती बोलतेय आणि तुमचे डोळे लॅपटॉपवरच्या मेलमध्ये. तिला दिसतं फक्त तुमचं कपाळ. अन् ते तिला कळतं बरं का!

थोडा दोष नेटचाही आहे. तुमचा आवाज बारीक तुकड्यांत कापून पाठवला जातो. फार उशिरा पोचलेला तुकडा सरळ टाकून दिला जातो, म्हणून शब्द तुटतात. आवाज पोचायला वेळ लागला, की दोघं एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात! उपाय सोपा. तिचं वाक्य संपलं, की क्षणभर थांबा. फारच अडखळलं तर व्हिडिओ बंद करा. नुसत्या आवाजाला नेट खूप कमी लागतं. आणि मधूनमधून स्क्रीनऐवजी कॅमेऱ्यात बघा, म्हणजे तिला वाटेल तुम्ही तिच्याकडे बघताय.

वेळेचंही भान हवं. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे होतात, आपली नाहीत. कोथरूडचे रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तुमचे सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा. आई मात्र साडेआठलाच फोन घेऊन बसलेली असते.

तेव्हा या रविवारी एक करा. लॅपटॉप मिटा. आईला फोन ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवायला सांगा आणि तिला निवांत भाजी चिरू द्या. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल. बिल पळत नाहीये!